पडद्यासमोर बसवले, मार्गदर्शक कुठे आहे?

मंठा, घनसावंगी, जाफराबादहून एस.टी.ने जालन्याला येऊन पदवी घेणारी आमची मुले-मुली आता संगणकावरही शिकत आहेत. केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयं' सुरू केले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून शिकू देण्याची मुभा दिली.

यात चांगले काहीच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. वर्गात तीच शंका दुसऱ्यांदा विचारायला पहिल्या पिढीचा विद्यार्थी कचरतो. इथे धडा दहा वेळा मागे नेऊन ऐकता येतो, कोणी हसत नाही. पडदा आडनाव विचारत नाही. (परीक्षेच्या अर्जात प्रवर्ग विचारतात, तो भाग वेगळा.)

पण पुढे काय? व्याख्याने बहुतेक इंग्रजीत. चौथ्या आठवड्यात धडा अडला की शंकाही इंग्रजीतच लिहायची. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी दोन ओळी लिहिते, खोडते आणि मोबाईल बंद करते. हो, मोबाईलच, घरी संगणक कुठला? मग नापासाचा शिक्का बसतो तो तिच्यावर.

आयोगाच्याच नियमात लिहिले आहे की, अशा प्रत्येक विषयासाठी महाविद्यालयाने मार्गदर्शक प्राध्यापक नेमावा. तो नेमायचा कुठून? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक तासापुरते. म्हणजे यंत्र शिक्षकाच्या मदतीला आले की शिक्षकाच्या जागेवर बसले?

२००१ नंतर एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्या-तालुक्यात निघाली. तिथेही धडा संगणकच देत होता. फी भरावी लागली, पण वेळ ठरलेली होती, भाषा मराठी होती आणि अडले तर शेजारी उभा राहून माऊस धरायला शिकवणारा माणूस होता. म्हणून आमची मुले शिकली.

जालन्यातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. त्यांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले तेव्हा वसतिगृहाचीही सोय पाहिली. मुलगा वर्गाबाहेर कसा टिकेल, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, नोंदणी करण्यापूर्वीच प्राचार्यांना लेखी विचारा: या विषयाचा मार्गदर्शक कोण, तो कोणत्या वारी भेटेल आणि संगणक कक्ष शेवटची एस.टी. सुटेपर्यंत उघडा राहील का? अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.