गाऱ्हाणं घेऊन निघालेल्यांची वाट

एखाद्या राजवटीच्या कायद्यात दाद मागण्याचा हक्क लिहिलेला आहे का, हे मी आधी बघत नाही. दाद मागून झाल्यावर फिर्यादी त्या रात्री कुणाच्या छपराखाली परततो, हे बघते. न्याय माणसापासून किती लांब आहे, हे मला त्यावरून कळतं. या स्तंभात एरवी आपली कोर्टं आणि आपली पोलीस ठाणी यांचाच विषय असतो. आज मात्र दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका जुन्या वसाहतीत जायचं आहे. हा प्रश्न तिथल्या दप्तरात जितका उघडा पडलेला दिसतो, तितका मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे.

ही वसाहत म्हणजे बर्बीस, आजच्या गयाना देशाचा पूर्वेकडचा भाग. आधी ती डचांची होती. १७९६ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि मधे थोडा काळ सोडल्यास पुढे त्यांच्याकडेच राहिली. नदीकाठाने आणि समुद्रकाठाने कॉफीचे, कापसाचे, उसाचे मळे. १८२० च्या आसपास त्या मळ्यांवर वीस हजारांहून अधिक गुलाम राबत होते आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारे गोरे मूठभर होते. १७६३ मध्ये कफीच्या नेतृत्वाखाली इथल्या गुलामांनी उठाव केला आणि कित्येक महिने वसाहतीचा मोठा भाग आपल्या हातात ठेवला. तो मोडून काढला गेला, पण मालकांच्या पोटातली भीती काही गेली नाही.

राज्य इंग्रजांचं झालं तरी तिथला रोमन-डच कायदा चालूच राहिला. त्या कायद्यात फिस्कल नावाचा अधिकारी असे. सरकारी वकील तोच आणि पोलिसांचा प्रमुखही तोच. गुलामाला मालकाविरुद्ध किंवा मळ्याच्या व्यवस्थापकाविरुद्ध तक्रार असेल, तर त्याने न्यू ॲमस्टरडॅम या राजधानीच्या गावी जाऊन ती फिस्कलपुढे सांगायची. १८१९ पासूनच्या अशा तक्रारींच्या नोंदी टिकून आहेत. १८२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या हुकुमाने त्यांतल्या बऱ्याच छापल्या गेल्या. त्याच काळात जमैकात गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्षच कोर्टात चालत नसे. त्या मानाने बर्बीसचं दार निदान किलकिलं तरी होतं, हे मान्य करायला हवं. बहुतेक नोंदींत गुलामाचं नाव, मळ्याचं नाव, त्याचं म्हणणं, व्यवस्थापकाचं उत्तर, साक्षीदारांच्या जबान्या आणि फिस्कलचा निर्णय, असा क्रम. कारकुनाच्या लेखणीतून गाळून आलेलं असलं, तरी माणसांचं बोलणं त्यातून ऐकू येतं.

त्यातली रोझाची जबानी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. ले'स्पेरान्स नावाच्या कॉफीच्या मळ्यावरची ही बाई १८१९ मध्ये फिस्कलसमोर उभी राहिली. ती गरोदर होती. कॉफी वेचायची तर झाडाखाली वाकावं लागतं, आणि पोट पुढे आल्यामुळे तिला वाकता येईना. म्हणून ती गुडघ्यांवर बसून वेचत होती. मुकादम झोंडाग तिच्या मागे आला. आपण गरोदर आहोत आणि व्यवस्थापक ग्रेडला हे आधीच सांगितलं आहे, असं तिने त्याला सांगितलं. तरी ग्रेडच्या हुकुमाने तिला फोडून काढण्यात आलं. पुढे तिचं मूल मेलेलंच जन्माला आलं. त्या मुलाचा हात मोडलेला होता, एक डोळा गेलेला होता आणि डोक्यावर फटक्याचा वळ होता, असं तिने फिस्कलला सांगितलं.

हे वाचताना अंगावर काटा येतो, पण मला त्याहून लक्षात राहते ती जबानीची बांधणी. रोझा आपल्या दुःखाचं वर्णन फारसं करत नाही. कुणाला काय सांगितलं, कुणी काय हुकूम दिला, हुकूम कुणी अमलात आणला, त्यानंतर काय झालं, असं ती एकेक पायरी मांडत जाते. व्यवस्थापकाला गरोदरपणाची कल्पना होती, हा मुद्दा ती पक्का करून ठेवते, कारण तिच्या फिर्यादीचा सगळा भार त्यावर आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या, मालकीची वस्तू म्हणून खतावणीत नोंदलेल्या बाईला खटला कसा उभा राहतो हे पक्कं ठाऊक होतं. कायदा तिला कुणी शिकवला नव्हता. आधी गेलेल्यांची गाऱ्हाणी आणि त्यांचे निकाल मळ्यामळ्यांतून बोलले जात होते, त्यातून ती शिकली असणार.

आता या दारापर्यंतची वाट बघा. मळ्याबाहेर पाऊल टाकायला मालकाची किंवा व्यवस्थापकाची चिठ्ठी लागे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याकडेच चिठ्ठी कशी मागणार? म्हणून बरेच जण चिठ्ठीशिवाय निघत, आणि चिठ्ठीशिवाय सापडलेला गुलाम म्हणजे पळून गेलेला गुलाम. राजधानीला पोचलात तरी समोर बसलेला फिस्कल हा मळेवाल्यांच्याच समाजातला, त्यांच्याच पंगतीला बसणारा. त्याने उलट चौकशी करून तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरवली, तर तिथेच फिर्यादीला फटक्यांची शिक्षा होई. नोंदींत अशा शिक्षा जागोजागी सापडतात. आणि तक्रार खरी ठरली, व्यवस्थापकाला दंड झाला, तरी फिर्यादी परत जायचा तो त्याच मळ्यावर, त्याच मुकादमाच्या हाताखाली.

तरीही माणसं जात राहिली. एकेकटी, कधी नवरा-बायको मिळून, कधी गटाने. आणि तक्रारी फक्त चाबकाच्या नसत. आठवड्याचं केळ्यांचं आणि खारवलेल्या मासळीचं वाटप कमी पडलं, कपडा दिला नाही, रविवारी काम करून घेतलं, आजारी असून शेतावर पाठवलं, बायको किंवा मूल दुसऱ्या मळ्यावर विकलं. या यादीत मला एक फार मोठी गोष्ट दिसते. ही माणसं दयेची याचना करत नव्हती. इतकं अन्न, इतका कपडा, इतकी विश्रांती हे आमचं ठरलेलं आहे आणि ते मोडलं गेलं आहे, असं ती सांगत होती. गुलामीतसुद्धा काही रिवाज पाळले गेलेच पाहिजेत, हा हट्ट त्यांनी धरला. फिस्कलची कचेरी हे त्या हट्टाचं एक हत्यार होतं, आणि त्यांनी ते वापरून वापरून धारदार केलं.

सरकारच्या बाजूने ही कचेरी किती तत्पर असू शकत होती, हेही त्याच दप्तरात आहे. १८२१ मध्ये ओप होप व्हान बेटर मळ्यावर मृत्यू वाढले, तेव्हा तिथल्या गुलामांनी विलेम नावाच्या जाणत्याला बोलावलं. त्याने करवलेल्या नाचाच्या विधीत माडालोन नावाच्या बाईवर आळ आला आणि मारहाणीत ती मेली. माडालोनवर झालेला अन्याय भयंकरच होता. पण विलेमला १८२२ च्या जानेवारीत फाशी झालीसुद्धा. मळ्यावर माणसं का मरत होती, या मूळ गाऱ्हाण्याच्या वाट्याला अशी घाई कधी आली नाही.

१८२३ पासून लंडनच्या सरकारने गुलामांची स्थिती सुधारण्याचं धोरण घेतलं आणि १८२६ मध्ये बर्बीसमध्ये नवे नियम आले. गुलामांचा संरक्षक म्हणून वेगळा अधिकारी नेमला गेला, बायकांना चाबकाने मारायला बंदी झाली आणि शिक्षांची नोंदवही ठेवणं मालकांना भाग पडलं. तक्रारी नेणारे गुलाम आता थेट नियमांवर बोट ठेवू लागले. मालकांनीही वाट काढली: बायकांना चाबूक नाही, तर खोडा आणि अंधारकोठडी. मी हे नियम निरुपयोगी म्हणणार नाही, कारण ज्या बाईच्या पाठीवर चाबूक पडायचा थांबला तिच्यासाठी ते निरुपयोगी नव्हते. पण संरक्षकाने दिवसभर ऐकलेला माणूस रात्री कुठे जायचा, ते ठिकाण बदललं नव्हतं.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. गुलामांना एक पैही नाही. उलट 'उमेदवारी' या नावाखाली त्यांना जुन्याच मालकांकडे १८३८ पर्यंत राबवून घेतलं. आणि इथून ही कथा आपल्याकडे वळते. त्याच १८३८ च्या मे महिन्यात व्हिटबी आणि हेस्पेरस ही जहाजं हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर घेऊन ब्रिटिश गयानाला पोचली, आणि व्हिटबीवरचे बरेच मजूर उतरले ते बर्बीसमध्येच. मळे जुने, व्यवस्थापक जुने, आणि तक्रारीचा पेचही जुनाच. मजुरांसाठी इमिग्रेशन एजंट नेमला गेला. जेम्स क्रॉसबी या पदावर असताना मजुरांचा त्याच्यावर इतका भरवसा बसला की त्या खात्यालाच ते 'क्रॉसबी' म्हणू लागले. पण क्रॉसबीकडे जायचं तर मळा सोडावा लागे, आणि परवान्याशिवाय मळा सोडणं हा गुन्हा. १८६९ मध्ये डे व्हू या माजी मॅजिस्ट्रेटने लंडनला सविस्तर पत्र लिहून ही सगळी व्यवस्था मळेवाल्यांच्या बाजूने कशी झुकली आहे ते सांगितलं, आणि चौकशी आयोग नेमावा लागला.

मॉरिशसमध्ये हेच घडलं, आणि तिथे तर आपली कोकणातली माणसंही होती. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांमध्ये रत्नागिरीकडची कुटुंबं होती; त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये संपली होती, पण करार पुरा केलेल्या मजुरालाही परवाना जवळ बाळगावा लागे आणि तो नसेल तर भटक्या म्हणून पकडत. १८७१ मध्ये ॲडॉल्फ द प्लेविट्झ याने मजुरांचा अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांची नावं होती. मळेवाले द प्लेविट्झवर इतके खवळले की त्याला बेटाबाहेर घालवण्याची मागणी झाली. तरी त्या अर्जामुळे शाही आयोग आला. त्यातला एक सदस्य विल्यम एडवर्ड फ्रिअर हा मुंबई इलाख्यात न्यायाधीश राहिलेला होता, आणि त्याआधी गयानाच्या आयोगावरही तोच बसला होता. आयोगाचा अहवाल १८७५ मध्ये बाहेर आला आणि परवान्याच्या नावाखाली चाललेली धरपकड त्यात तपशिलाने नोंदवली गेली.

बर्बीसच्या गुलामांच्या जबान्यांवर इंग्रजीत आज चांगली पुस्तकं आहेत. मॉरिशसला गेलेल्या मजुरांचं दप्तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेलं आहे. आपल्या विद्यापीठांतल्या इतिहास विभागांनी आणि विधी महाविद्यालयांनी मराठी जाणणारी तरुण मुलं तिथे वाचायला पाठवावीत. रत्नागिरीहून गेलेल्या बायाबापड्यांनी कुणाविरुद्ध काय गाऱ्हाणं मांडलं, त्यासाठी परवाना होता की नव्हता, आणि सांगून झाल्यावर त्यांना कुठे परत पाठवलं गेलं, हे मराठीत यायला हवं.