पंख स्वदेशी, श्वास परदेशी

उदगीरच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले, की फेब्रुवारी १७६० मधील विजय आठवतो. सदाशिवरावभाऊंनी येथे निजामाला नमविले, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. ती तोफखान्याची शिस्त फ्रेंचांकडून आलेली होती. पुढल्याच वर्षी हाच इब्राहिमखान पानिपतावर निष्ठेने लढला आणि मारला गेला. दोष त्याचा नव्हता. शस्त्र आमच्या हाती आले, शस्त्रविद्या मात्र पुरती आमची झाली नाही, हे खरे दुखणे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला. ते दुखणे बरे झाले काय?

आजचे रणांगण आकाशात आहे आणि उंच आकाशातील युद्ध म्हणजे इंजिनाच्या श्वासाचे युद्ध होय. वीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मी उरते. इंजिनाला पुरेशी हवा मिळाली नाही, तर शूरातला शूर वैमानिकही हतबल होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे फोक-वुल्फ १९० हे विमान खालच्या थरांत भारी पडे, पण वर गेले की त्याची शक्ती ओसरे. ब्रिटिशांनी आपल्या मर्लिन इंजिनाला हवा दोन टप्प्यांत दाबून पुरविणारी यंत्रणा जोडली आणि १९४२ साली नवे स्पिटफायर उंचीवर उतरविले. जर्मनीचे उत्तर होते 'टा १५२ एच'. साडेचौदा मीटरांच्या आसपास पंखविस्तार, हवेचा दाब राखणारा वैमानिक-कक्ष आणि उंचीसाठी घडविलेले इंजिन! ते १९४५ मध्ये, फार उशिरा आणि मोजक्याच संख्येने आले. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही राष्ट्रांना भर युद्धात विमानाचा नवा अवतार घडविता आला, कारण इंजिन त्यांचे स्वतःचे होते.

त्या 'टा १५२'चे रचनाकार कुर्ट टँक १९५६ साली भारतात आले. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आमच्या अभियंत्यांसमवेत त्यांनी 'मारुत' घडविले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडविले. देह देखणा होता, परंतु हृदय उसने! ज्या प्रबळ ब्रिटिश इंजिनाच्या भरवशावर आराखडा आखला, त्याच्या विकासाचा खर्च दिल्लीने उचलला नाही. दुबळ्या ऑर्फियस इंजिनांवरच भागवावे लागले. त्यांची शक्ती वाढविण्याच्या प्रयोगातील विमान उडविताना १९७० मध्ये दास यांनी प्राण गमावले. १९७१ च्या युद्धात मारुतने पराक्रम केला. तरीही एकूण १४७ विमानांवर त्याची कथा संपली.

आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला, मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई परवान्याने बनली. कारगिलमध्ये शत्रूचे मोर्चे सोळा ते अठरा हजार फुटांवर होते. २७ मे १९९९ रोजी रॉकेटे डागताना एका मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता शत्रूच्या हाती सापडले. इंजिनाचा स्वभाव जो घडवितो, त्यालाच तो पालटता येतो. परवानाधारकाला केवळ जुळणी येते.

"विकत घेणे स्वस्त पडते," असे आमचे अर्थपंडित सांगतात. स्वस्त? फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा करार झाला. अमेरिकेहून यावयाची इंजिने रखडली, म्हणून आमचे सुसज्ज सांगाडे वाट पाहात राहिले. ही प्रतीक्षा कोणत्या ताळेबंदात मांडणार? १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस झेपावले, तेव्हा ऊर भरून आला. परंतु पोटातले इंजिन परकीय आहे, हे विसरून वाजविलेले नगारे म्हणजे आत्मवंचनाच. शासन कोणाचेही असो, हे सांगितलेच पाहिजे.

'कावेरी' इंजिनाला १९८९ साली मंजुरी मिळाली. अपेक्षित शक्ती न लाभल्याने ते तेजसपासून विलग करावे लागले. त्याची उंचीवरील परीक्षा घेण्यासाठीही रशियाचे दार ठोठवावे लागले! फ्रान्सच्या साफ्रानसमवेत नवे इंजिन विकसित करण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. त्यातून पुन्हा परवानाच हाती येणार, की विद्या येणार? चाचणीगृहे, धातुशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि अपयश पचवून वर्षानुवर्षे पैसा पुरविण्याचे धैर्य, यांवाचून विद्या येत नसते.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा, यंत्रातले त्याला कितपत कळणार? पण इतिहास कळतो. आमच्या लातूर-उदगीरची मुले प्रवेशपरीक्षांत नाव काढतात. त्यांच्यातील किती जण तापलेल्या धातूशी झुंज घेण्याचे स्वप्न पाहतात आणि किती पालक त्यांना ते पाहू देतात? तोफ उसनी आणून उदगीर जिंकता येते. पानिपत टाळावयाचे असेल, तर भट्टी आपल्याच घरी पेटवावी लागेल.