आधी चर, मग जिप्सम



या आठवड्यात आमच्या शिवारात दोन ट्रॉल्या जिप्सम उतरलं. बघितलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. ज्यांच्या रानात उतरलं ते दोघंही आपलेच आहेत, रागावले तरी चालतील. ज्या रानातून पाणी बाहेर पडायला वाट नाही, त्या रानात जिप्सम टाकणं म्हणजे पैसे चिखलात घालणं. मी स्वतः घातलेत, म्हणून सांगतो.

वाळवा तालुक्यात ओढ्याकडेला माझं दीड एकर काळं रान आहे. वडिलांच्या वेळी तिथं शाळू आणि हरभरा व्हायचा. पाण्याची स्कीम झाली आणि उसामागं ऊस सुरू झाला. पाणी मोकाट, निचरा नाही. पंधरा-वीस वर्षांत खालच्या बाजूला मीठ फुटायला लागलं. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी खपली, पावसात पाय घोट्यापर्यंत रुतणार. माती तपासली तर सामू ८.९ आणि चोपण असा शेरा. दुकानदार म्हणाला एकरी दोन टन जिप्सम टाका. टाकलं. भरपूर पाणी सोडलं. त्या पावसाळ्यात रान खरंच सुधारल्यासारखं वाटलं, पाणी मुरायला लागलं, ऊस हिरवा झाला. पुढच्या एप्रिलला बघतो तर पांढरी खपली जिथल्या तिथं. पुन्हा तपासलं, सामू ८.८. तीन टन जिप्सम, भाडं, मजुरी, सगळ्याचा हिशोब एवढाच.

मी दुकानदाराला शिव्या देत बसलो होतो. तेव्हा कराडकडच्या बहिणीची मुलगी सुट्टीला आली होती, अकरावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "मामा, जिप्सम चांगलंच असेल. तुम्ही बाण एकाच बाजूचा धरलाय."

आमच्या दहावीच्या पुस्तकात बाण एकाच बाजूला जायचा. हे अधिक ते, बाण, झालं. तिच्या पुस्तकात दोन बाण आहेत, एक जाणारा आणि एक येणारा. अशा क्रियेला उलटसुलट होणारी क्रिया म्हणायचं. ती पूर्ण होऊन थांबत नाही. जाणं आणि येणं सारख्या वेगानं व्हायला लागलं की बाहेरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, त्याला समतोल म्हणतात. समतोल कुठल्या बाजूला झुकणार ते परिस्थितीवर ठरतं. आपण काही वाढवलं, काही काढून घेतलं, तापमान किंवा दाब बदलला, की तो बदल कमी होईल अशा बाजूला क्रिया सरकते. ले शाटेलिए नावाच्या फ्रेंच माणसानं १८८४ साली हे मांडलं.

आता हे रानात लावा. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. चोपण रानात त्या कणांना सोडियम चिकटून बसलेलं असतं. त्यामुळे कण फुगतात, सुटे होतात, मातीची भोकं बुजतात, पाणी मुरत नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम कणावर जाऊन बसतं आणि एका कॅल्शियममागं दोन सोडियम सुटतात. सुटलेलं सोडियम पाण्यात सोडियम सल्फेट होऊन राहतं. माती कणीदार होते. हा झाला जाणारा बाण.

पण ते सोडियम सल्फेट गेलं कुठं? माझ्या रानात कुठंच गेलं नाही. खाली पाणी तुंबलेलं, बाजूला बांध. उन्हाळा आला तसं ते पाणी वर चढलं आणि हवेत उडालं. पाणी आटत जातं तसं कॅल्शियम आधी चुनखडी होऊन खाली बसतं, सोडियम मात्र सहज विरघळत असल्यामुळे पाण्यातच राहतं. म्हणजे मातीच्या कणाभोवती पुन्हा सोडियमचीच गर्दी. गर्दी ज्याची, जागा त्याची. येणारा बाण सुरू झाला आणि कॅल्शियम हाकललं गेलं. जिप्सम खोटं नव्हतं, मी त्याला काम करायला जागाच ठेवली नव्हती.

भाचीनं आणखी एक सांगितलं ते मला फार आवडलं. आपण युरिया टाकतो, त्याच्यासाठी लागणारा अमोनिया नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून करतात, आणि तीही दोन बाणांचीच क्रिया. आपल्या अलिबागजवळ थळच्या कारखान्यातही हेच चालतं. दाब हवेच्या शेकडो पट, उष्णता चारशे-पाचशे अंश. वास्तविक थंडीत अमोनिया जास्त बनला असता, पण क्रिया इतकी मंद चालते की परवडत नाही, म्हणून मधला मार्ग. एवढं करूनही एका फेरीत थोडाच वायू अमोनिया होतो. मग ते काय करतात? झालेला अमोनिया थंड करून पातळ करतात आणि काढून घेतात, उरलेला वायू परत फिरवतात. तयार माल काढत राहिलं की क्रिया पुढं जात राहते. हजारो कोटींचा कारखाना चर काढतो, आणि आपण दीड एकराला चर न काढता जिप्सम टाकतो.

हे दोन बाणांचं कोडं सुटलं ते पण अशाच मीठ फुटलेल्या जागी. बर्थोले नावाचा शास्त्रज्ञ १७९८ साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर त्यानं सोड्याची पांढरी खपली बघितली. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडपासून चुना आणि मीठ होतं, इथं चुनखडी आणि मिठापासून सोडा तयार झालेला, म्हणजे नेमकं उलटं. त्यानं ओळखलं की माल कुठला किती आहे त्यावर दिशा ठरते. आमच्या बांधावर तशीच खपली वीस वर्षं होती, आम्ही ती पायानं उडवत होतो.

पुढं मी काय केलं ते थोडक्यात. ऊस तुटल्यावर साडेतीन फूट खोल चर काढून भोकाचे पाईप घातले, तोंड ओढ्यात काढलं. पावसाळ्यात पाईपातून येणारं पाणी जिभेला लावून बघा, खारट लागतं. तो बाहेर चाललेला सोडियम. त्यानंतर माती तपासूनच जिप्सम टाकलं, पहिल्यापेक्षा कमी. मग ताग आणि धैंचा गाडला, मळी टाकली. आपल्या काळ्या रानात चुनखडी मुळातच असते, म्हणजे कॅल्शियम घरात आहे पण कुलुपात. हिरवळ कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो पाण्यात मिसळला की चुनखडी विरघळते आणि कॅल्शियम सुटं होतं. तिथंही दोन बाण आहेत. ठिबकच्या तोंडावर पांढरा चुना धरतो ना, तो त्याच क्रियेचा येणारा बाण. तिसऱ्या वर्षी सामू ८.३ वर आला.

हे सगळं गुळगुळीत झालं नाही. २०२१ च्या पुरात ओढा तुंबला, पाईपाचं तोंड गाळानं बुजलं, दोन दिवस उपसत बसलो. आणि माझं खारं पाणी ओढ्यातनं खालच्या गावाला जातं, ते मला टोचतं. म्हणून हे काम एकट्या-दुकट्यानं करायचं नव्हे. शेजारी शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन शेतकऱ्यांची रानं एकत्र धरून पाईप घातले. आपल्याकडे मातीची माहिती हवी तर कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आहे, सांगलीपासून लांब नाही. पण आपण पोती घ्यायला एकत्र येतो, चराला वाट द्यायची म्हटलं की बांध आठवतो. मलाही वरच्या शेजाऱ्याला वाट द्यायला दोन वर्षं लागली. त्याचं पाणी माझ्याकडं कशाला, असं वाटायचं. तेच पाणी झिरपून माझ्याच रानात येत होतं हे कळायला उशीर झाला.

तर ज्या दोघांच्या रानात जिप्सम उतरलंय त्यांना सांगतो. तुमचं पाणी ओढ्याला न्यायला माझ्या दीड एकरातून जावं लागतं. मार्चमध्ये माझा खोडवा तुटतोय. तेव्हा चर आखायला या, वाट मी देतो, पाईपाचं तोंड मात्र तिघांनी मिळून साफ करायचं. तोवर जिप्समवर ताडपत्री टाका.