बाईची महत्त्वाकांक्षा आणि आमचे शेरे

नवकथा, अस्तित्ववाद वगैरे पुण्या-मुंबईची खुळे आहेत, वसमत तालुक्यातल्या हट्ट्याला त्यांचे काय, असे आमच्याकडची चांगली शिकलेली माणसे बोलतात. लिहिणारी बाई असली तर पुढचा शेरा तयारच असतो: बाईने दुःख लिहावे, महत्त्वाकांक्षेच्या गोष्टी कशाला?

असे शेरे ज्यांच्यावर मारले जातात त्या लेखिका कमल देसाई १९२८ साली जन्मल्या त्या यमकनमर्डीला. बेळगाव जिल्ह्यातले हे सीमाभागातले गाव. मुंबईपासून तेही हट्ट्यासारखेच दूर. १९६३ साली त्यांची कादंबरी आली आणि तिला नाव दिले तुकोबांच्या अभंगातले, ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’. जगाशी आणि मनाशी एकाच वेळी चाललेली झुंज तुकोबांनी मांडली, तीच एका विसाव्या शतकातल्या बाईने आपली म्हणून उचलली. परका माल म्हणता, तर त्यावर देहूची मोहर कशी, हे आक्षेपकांनी सांगावे. आणि आपण तर नर्सी नामदेवच्या जिल्ह्यातले. संत जनाबाईंचे गंगाखेड शेजारच्या परभणीत. दळता-कांडता विठ्ठलाला जाब विचारणारी जनी ज्या मुलखाची, तिथे बाईचे अंतर्मन ही आयात वस्तू कशी ठरते?

दुसरा आक्षेप जास्त हट्टी आहे: बायका लिहितात ते स्वतःचेच रडगाणे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आले तेव्हा त्यातल्या प्रश्नांपेक्षा ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने लिहिणारी बाई कोण, याचाच शोध अधिक झाला. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. पण याच बाईंनी १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली, ‘गुन्हेगार’ म्हणून तारेच्या कुंपणात ठेवलेल्या जमातींवर. यात स्वतःचे रडगाणे कुठे आहे? ‘बळी’ न वाचताच हा शेरा मारला जातो, अशी माझी खात्री आहे.

कमल देसाईंनी थोडे लिहिले, आणि जे लिहिले ते अवघड आहे, हे मात्र मान्य. त्यांचे ‘काळा सूर्य’ एका बैठकीत उमगत नाही. पण कवी मर्ढेकर अवघड असले की आपण त्यांच्यावर टीकाग्रंथ लिहितो. बाई अवघड लिहू लागली की तिला विक्षिप्त म्हणतो. त्यांच्या ‘हॅट घालणारी बाई’चे नुसते नाव ऐकूनही काही जण हसतात. डोक्यावर पदर असता तर हसले नसते. अंतर्मुख बाई आपल्याला चालते, तिने निमूट सोसावे एवढीच अट. तिने वाचकाची समजूत न काढता, त्याला सोपे करून न देता लिहिले, की ते आपल्याला खपत नाही. माझ्या मते हीच कमल देसाईंची महत्त्वाकांक्षा होती, आणि पुस्तकांची संख्या मोजून ती कळणार नाही.

गावातल्या वाचनालयांनी कथा-कादंबऱ्यांच्या पुढच्या खरेदीत ‘काळा सूर्य’ आणि ‘बळी’ घ्यावीत. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आधी ती वाचावीत.