आठवडाभराची उसंत

केटामाइन हे काही नवे औषध नव्हे. अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते १९६२ मध्ये तयार केले, १९७० मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली आणि श्वास चालू ठेवून, रक्तदाब न पाडता भूल देणारे औषध म्हणून ते व्हिएतनामच्या रणभूमीपासून आपल्या तालुक्यांतल्या शस्त्रक्रियागृहांपर्यंत पोहोचले. हेच औषध भुलीच्या मात्रेपेक्षा बरेच कमी, चाळीसेक मिनिटे सलाईनमधून सावकाश दिले, तर तीव्र नैराश्याचा रुग्ण काही तासांत सावरू लागतो, असे गेल्या पंचवीस वर्षांत दिसून आले आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला कित्येक आठवडे जातात. आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसाला तेवढी सवड नसते. म्हणून हा शोध मोठाच आहे. मात्र त्याला ‘चमत्कार’ म्हटले की गणित चुकायला लागते. केटामाइन आजार मुळातून काढत नाही, ते उसंत देते. त्या उसंतीत रुग्णाजवळ कोण असणार, याची सोय नसेल तिथे ते देऊच नये.

आकडे हेच सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात केटामाइन दिलेल्या १७ रुग्णांपैकी १२ जणांना दुसऱ्याच दिवशी स्पष्ट आराम पडला. इतर औषधांनी हात टेकलेले हे रुग्ण होते. आठवडाभर तो आराम टिकला मात्र सहा जणांचा. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीत सुमारे चारशे रुग्णांवर केटामाइन आणि शॉक ट्रीटमेंट यांची तुलना झाली. तीन आठवड्यांनंतर केटामाइन गटातल्या ५५ टक्के आणि शॉक गटातल्या ४१ टक्के रुग्णांना निम्मा किंवा त्याहून अधिक फरक पडला, आणि स्मृतीचा त्रास केटामाइन गटात कमी राहिला. मनोविकृतीची लक्षणे असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, हेही सांगायला हवे. शॉकचा खरा जोर तिथेच दिसतो. पण ज्यांना केटामाइनने बरे वाटले, त्यांच्यापैकीही सुमारे एक तृतीयांश रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा नैराश्यात गेले. चढ भराभर चढवणारे आणि वर टिकून राहण्याची हमी न देणारे असे हे औषध आहे.

अंथरुणातून उठण्याचे त्राण नसलेला माणूस अचानक चार दिवस बोलू-चालू लागतो, तेव्हा त्या चार दिवसांत बरेच काही करता येते. झोपेची घडी बसवता येते, नेहमीचे औषध नीट लावता येते, समुपदेशन सुरू करता येते, घरच्यांना विश्वासात घेता येते. कर्जापायी किंवा घरातल्या छळापायी तो खचला असेल तर तेही निदान बोलून होते. यातले काहीच झाले नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा सलाईन, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. अमेरिकेत नेमके हेच झाले. जुन्या, पेटंट संपलेल्या स्वस्त कुपीवर कोट्यवधींच्या चाचण्या करायला कोणत्याही कंपनीला रस नव्हता. म्हणून त्याच रेणूच्या डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांपैकी एक वेगळे काढून त्याचा नाकात मारायचा फवारा २०१९ मध्ये बाजारात आला. एका वेळेला शेकडो डॉलर! त्याला निदान प्रत्येक वेळी दोन तास देखरेखीची अट आहे. साध्या केटामाइनला ती अट नव्हती, त्यामुळे गल्लोगल्ली दवाखाने निघाले आणि घरी घ्यायच्या गोळ्या टपालाने जाऊ लागल्या. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

हा सगळा मनाचा खेळ आहे, असा एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो उडवून लावता येणार नाही. केटामाइन घेतल्यावर आपण शरीरापासून सुटल्यासारखे वाटते, त्यामुळे खरे औषध मिळाले की खोटे, हे रुग्णाला कळतेच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर युक्ती काढली: शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या नैराश्याच्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना केटामाइन दिले. पुढच्या तीन दिवसांत दोन्ही गटांना बराच आराम पडला, आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र याच्या उलट, ऑस्ट्रेलियातल्या त्याच वर्षीच्या चाचणीत गुंगी आणणाऱ्या दुसऱ्या औषधाशी तुलना केली, तेव्हा मात्रा गरजेप्रमाणे वाढवलेल्या गटातले सुमारे २० टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या गटातले फक्त दोन टक्के. माझ्या मते औषधाचा स्वतःचा गुण आहे, पण आशेचा आणि शुश्रूषेचा वाटाही मोठा आहे. तसे असेल तर आशा विकणाऱ्या दुकानांपासून हे औषध दूर ठेवण्याचे कारण आणखी पक्के होते.

व्यसनाची भीती खरी आहे. सतत नशा करणाऱ्यांचे मूत्राशय केटामाइन कायमचे खराब करू शकते. अभिनेते मॅथ्यू पेरी यांच्या २०२३ मधल्या मृत्यूचा दाखला हटकून दिला जातो. परंतु शवविच्छेदन अहवालानुसार त्यांच्या शरीरातले केटामाइन त्याआधी घेतलेल्या उपचारातले असूच शकत नव्हते. ते चोरट्या मार्गाने आले होते, आणि त्या प्रकरणात दोन डॉक्टरांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. आपल्याकडे केटामाइन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत जपून ठेवावी लागते. नियम चांगला आहे, फक्त तो कुपीवर नजर ठेवतो, रुग्णावर नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना साधे उपचारही मिळत नाहीत. मग हे चोचले कशाला, असे कोणी म्हणेल. पण २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या, २२,७४६, महाराष्ट्रातच नोंदल्या गेल्या. औषध स्वस्त आहे, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्र आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात असतात. राज्य सरकारने सुरुवात तिथूनच करावी: दोन-तीन औषधांनी गुण न आलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या रुग्णांनाच, दोन्ही विभागांच्या सहीने केटामाइन द्यावे, सोबत समुपदेशन सक्तीचे असावे आणि प्रत्येक रुग्णाची सहा महिने नोंद ठेवावी. जो खासगी दवाखाना ही नोंद देणार नाही, त्याला या उपचाराची परवानगी असू नये.