मैदान उपकाराचे की हक्काचे?

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या बेसबॉल संघांची स्वतःची धर्मादाय संस्था असते. लहान मुलांची मैदाने बांधायला किंवा दुरुस्त करायला या संस्था अनुदान देतात. त्यातून मातीची भर पडते, जाळ्या लागतात, बाकडी येतात, दिवे बसतात. मैदान तयार झाले की संघाच्या चिन्हाची पाटी लागते, खेळाडू येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात. मुलांना खेळायला जागा मिळते ही चांगलीच गोष्ट आहे आणि तिच्यावर आमचा आक्षेप नाही. मात्र देणाऱ्याने हे दिले कुठून, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नाहीत, असे चळवळीने आम्हाला शिकवले आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलशी आपला संबंध काय, असे काही मित्र विचारतील. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपली कैफियत मांडत होते आणि बाबासाहेबांना त्या निवेदनाची प्रत हवी होती. 1972 मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. तिथल्या वर्णभेदाचा अभ्यास करणे ही आपली जुनी परंपरा आहे. तो अभ्यास खेळाच्या मैदानाशी येऊन थांबण्याचे कारण नाही.

उदाहरण म्हणून मिनेसोटा ट्विन्स हा संघ घेऊ. हा संघ पूर्वी राजधानी वॉशिंग्टनमध्ये होता, 1961 मध्ये तो मिनेसोटात आला. तोवर वॉशिंग्टनमध्ये काळे लोक बहुसंख्य झाले होते. संघ का हलवला, हे मालक कॅल्विन ग्रिफिथ यांनी 1978 मध्ये एका लायन्स क्लबच्या भाषणात स्वतःच सांगून टाकले. मिनेसोटात काळ्यांची वस्ती अगदी थोडी आहे आणि कष्टाळू गोरी माणसे आहेत हे कळले, म्हणून आलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. भाषण वर्तमानपत्रात छापून आले तेव्हा संघाचा सर्वोत्तम फलंदाज रॉड कॅरू, जो स्वतः काळा होता, संतापला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात गेला. एवढे सगळे जगजाहीर असूनही 2010 मध्ये नव्या स्टेडियमबाहेर याच ग्रिफिथ यांचा पुतळा उभा राहिला. 25 मे 2020 रोजी त्याच मिनियापोलिस शहरात पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. लोक रस्त्यावर उतरले आणि 19 जूनला संघाने पुतळा हटवला. दहा वर्षे जे जमले नाही ते लोकांच्या दबावाने महिन्याच्या आत झाले.

आता त्या नव्या स्टेडियमचा हिशेब पाहू. टार्गेट फील्ड 2010 मध्ये सुरू झाले. त्यासाठी सुमारे 35 कोटी डॉलर हेनेपिन काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, उभे केले. ते आले 0.15 टक्के वाढीव विक्रीकरातून, 20 डॉलरच्या खरेदीवर 3 सेंट. किराणा आणि बहुतेक कपड्यांवर तिथे विक्रीकर नाही. पण बाकीच्या वस्तूंवर बँकेचा मालक आणि बँकेत झाडू मारणारी बाई एकाच दराने कर भरतात, आणि तो कुणाच्या खिशाला जास्त लागतो हे वेगळे सांगायला नको. असा कर लावताना एरवी सार्वमत घ्यावे लागले असते. 2006 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या स्टेडियमला त्यातून सूट दिली. म्हणजे संघाच्या धंद्याची जागा लोकांच्या पैशातून उभी राहिली आणि तीही लोकांचे मत न घेता.

याच संघाच्या समाजनिधीची ‘फील्ड्स फॉर किड्स’ नावाची योजना आहे. तिच्यातून मुलांच्या बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मैदानांना अनुदान मिळते. हे अनुदान ‘मॅचिंग ग्रँट’ प्रकारचे आहे, म्हणजे जेवढे संघ देणार तेवढे मागणाऱ्यानेही उभे करायचे. वरवर हे न्याय्य वाटते, कारण लोकांचा सहभाग हवाच. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी लगेच विचारेल, की बरोबरीची रक्कम कोण उभी करू शकते? ज्या गावात पालकांची संघटना आहे, व्यापारी वर्गणी देतात, अर्ज लिहिणारा वकील किंवा मास्तर आहे, ते गाव. ज्या वस्तीत आई-बाप दोन-दोन पाळ्यांत काम करतात, तिथे वर्गणी कुठून येणार आणि अर्ज कोण लिहिणार? अट सर्वांना सारखी असली तरी सुरुवातीची रेषा सारखी नसते. असमान समाजात सारखी अट लावली की आहे ती विषमता आणखी पक्की होते, हे आरक्षणविरोधकांशी वाद घालताना आपण हजार वेळा सांगितले आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि तरुणांनी तीच जास्त लक्षात ठेवावी. स्टेडियमच्या त्याच 2006 च्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. विक्रीकरातून वर्षाला 40 लाख डॉलरपर्यंत रक्कम समाजासाठी वापरता येते, आणि पुढे थोडी वाढही देता येते. निम्मी मुलांच्या आणि हौशी खेळांसाठी, निम्मी ग्रंथालये जास्त तास उघडी ठेवण्यासाठी. या पैशातून काउंटीतल्या नगरपालिका, उद्यान मंडळे आणि शाळा यांच्या मैदानांना आणि क्रीडासाहित्याला अनुदान मिळते. मैदान आणि ग्रंथालय एकाच कायद्यात एकत्र आले, याचे ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना विशेष वाटावे.

एकाच शहरात, एकाच संघाभोवती हे दोन मार्ग आहेत. समाजनिधीच्या मार्गात संघ दाता आणि वस्ती याचक असते. अर्ज का नाकारला, हे विचारण्याचा अधिकार याचकाला नसतो. कायद्याच्या मार्गात नागरिक आपल्याच कराचा हिशेब मागतो. तिथेही गरीब वस्ती मागे राहू शकते. पण तिथे सभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो, यादी मागता येते, पुढच्या निवडणुकीत मत फिरवता येते. दान करणाऱ्याला मतपेटीतून कुणी हटवू शकत नाही.

काही बांधव म्हणतील, बौद्ध असून दानाला नावे ठेवता? नाही. दान पारमितेचे मोल आम्ही जाणतो. पण दान स्वतःच्या कमाईचे असते. ज्याची कमाई लोकांनी बांधून दिलेल्या जागेवर उभी आहे, त्याने तिच्यातला थोडा भाग लोकांच्या मुलांकडे वळवला, तर ती परतफेड झाली. परतफेडीवर पाटी लावायची नसते.

महाडची लढाई नेमकी याच मुद्द्यावर होती. 1923 चा बोले ठराव सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठ्यांविषयी होता. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले ते कुणा दयाळू सवर्णाच्या विहिरीवर ओंजळ पसरायला गेले नाहीत. सार्वजनिक गोष्टीवरचा हक्क बजावायला गेले. मैदान हे आजच्या मुलांचे चवदार तळे आहे.

मैदान बांधले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये काळ्या अमेरिकन खेळाडूंचे प्रमाण 1981 मध्ये सुमारे 18 टक्के होते. 2024 मध्ये ते सुमारे 6 टक्के होते. मधल्या काळात मैदाने बांधली गेली, गरीब वस्त्यांसाठी खास योजनाही निघाल्या. पण याच काळात वर जाण्याचा रस्ता खासगी क्लबांकडे गेला. त्यांची फी, गावोगावचे प्रवास, महागडे साहित्य हे ज्याला परवडते त्याचे पोर निवडकर्त्यांच्या नजरेस पडते. दानातून मैदानाचे गेट उघडते, पण पुढच्या जिन्याची किल्ली पैसेवाल्याकडेच राहते.

आपल्याकडेही 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले आहे, आणि त्या यादीत खेळांचे प्रशिक्षण आहे. वस्तीत काम करताना आम्ही पाहतो, की कंपनीची गाडी येते, किट वाटले जाते, बॅनरसमोर फोटो निघतो. वर्षभराने किट फाटलेले असते आणि मोकळ्या जागेवर गाड्या उभ्या असतात. 2 टक्के ही कायद्याने घातलेली जबाबदारी आहे, हे त्या बॅनरवर कुठेच लिहिलेले नसते.

म्हणून आपल्या तरुणांनी अनुदान नाकारू नये, पण घेताना तीन प्रश्न विचारावेत. जमीन कुणाच्या नावावर राहणार? पाच वर्षांनी रोलर, पाणी आणि राखणदाराचा खर्च कोण करणार? कुणाला खेळू द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत वस्तीतले किती लोक, त्यात किती मुली? उत्तरे लेखी घ्या. आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात मैदानासाठी अर्ज टाका, माहिती अधिकारात मागचा खर्च मागवा.

पाहुण्याने दिलेला चेंडू मुलांनी आनंदाने खेळावा. पण ते ज्या जमिनीवर उभे आहेत ती त्यांची आहे, हे त्यांना आपणच सांगायचे आहे.

जय भीम!