ग्रुप कामाचा आहे, तो कामाचाच राहू द्या



आज थोडं स्पष्ट लिहितोय. कुणाला लागलं तर राग धरू नका. एकदा वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा.

गेल्या हंगामातली गोष्ट. बांगड्याची गाडी संध्याकाळी बंदरातून निघाली, आंबोली घाट चढून बेळगावमार्गे हुबळीला. माल उतरून घ्यायला मी आदल्या दिवशीच हुबळीत पोचलो होतो. रात्री दोनच्या सुमारास कित्तूरजवळ गाडी बंद पडली. ड्रायव्हरने मला फोन केले, मग ग्रुपवर टाकलं, "गाडी बंद आहे, बर्फ संपत आलाय." मी फोन सायलेंट करून झोपलो होतो, कारण रात्री बारापासून ग्रुपवर एकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चालू होत्या आणि फोन थांबत नव्हता. ड्रायव्हरचा मेसेज केक आणि फुलांखाली गेला. पहाटे मी बघितलं तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. माल मऊ पडला आणि अर्ध्या भावाने गेला.

चूक माझीही होती, फोन बंद ठेवायला नको होता. पण वाढदिवसाला पन्नास जणांनी हात जोडले आणि गाडीच्या मेसेजला एकानेही विचारलं नाही, "काय झालं रे?" हे मला जास्त लागलं.

आपल्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते बघा. नौकामालक, तांडेल, बर्फवाले, ड्रायव्हर, बेळगाव-धारवाड-हुबळीचे व्यापारी. म्हणजे बंदरातलं आपलं अख्खं काम आज या ग्रुपवर चालतं. जेटीवर लिलाव चालू असताना मध्येच कुणी भजन लावलं तर आपण त्याला बाजूला व्हायला सांगतो. मग ग्रुपवर का चालवून घेतो?

काही जण म्हणतील, "आम्ही सगळे घरचेच, सणासुदीला दोन शब्द बोलायचे नाहीत काय?" बोला की! त्यासाठी वेगळा ग्रुप काढा, मीही येतो. या ग्रुपवर मात्र काम.

माझ्या मते एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ झालं.

पहिलं, मेसेज एका दमात लिहा. "हॅलो", मग "आहात का", मग "एक विचारायचं होतं", असे तुकडे नकोत. कुठलं बंदर, कुठली बोट, कुठली मासळी, किती क्रेट, गाडी किती वाजता, हे एकाच ओळीत. आकडे आकड्यातच लिहा. मासळीचा फोटो जोडा, कारण आपली सुरमई गोव्यात इसवण होते आणि खाली कन्नड किनाऱ्यावर अंजल. हुबळीच्या व्यापाऱ्याला फोटो बघून लगेच कळतं.

दुसरं, आवाजातले मेसेज. लिहायला न जमणारे खलाशी आणि ड्रायव्हर आपल्यात आहेत, त्यांनी बोलूनच पाठवावं, त्यात कमीपणा नाही. फक्त सुरुवातीलाच नाव, जागा आणि काम सांगा. पाच मिनिटांच्या बोलण्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी आली तर तिथपर्यंत कोण ऐकणार?

तिसरं, उत्तर द्या. गाडी पोचली की ज्याने माल घेतला त्याने "पोचली, इतके क्रेट" एवढं लिहावं. ज्या मेसेजचं उत्तर, त्याच मेसेजला रिप्लाय करा, नाहीतर कुणाचं "हो" कुणाला ते समजत नाही. आणि ग्रुपवर कबूल केलेला भाव नंतर गुपचूप डिलीट करू नका. भाव बदलायचा तर तसं सांगून बदला. धंदा शब्दावर चालतो.

चौथं, भांडण. वजनात फरक आला, पैसे थकले, तर आधी त्या माणसाला फोन करा. शंभर जणांसमोर एखाद्याला चोर म्हटलं, की पुढे हिशोब बरोबर निघाला तरी तो शब्द मागे घेता येत नाही. त्याची बायकामुलंही तो मेसेज वाचतात.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वादळाचे मेसेज. जुने व्हिडिओ आणि तीन वर्षांपूर्वीचे इशारे दर पावसाळ्यात फिरतात. २०१८ साली अफवांमुळे देशात माणसं मारली गेली. त्यानंतर व्हॉट्सॲपने आपल्याकडे फॉरवर्ड एका वेळी पाच ठिकाणांपुरतं आणलं, आणि २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. कंपनीने हात आखडला, आपण कधी आखडणार? हवामान खात्याचा इशारा असेल तर तारीख बघा, मगच पुढे पाठवा. खोटे इशारे चार वेळा आले की पाचवा खरा कोण मानेल?

यासाठी संस्थेने इशाऱ्यांचा ग्रुप वेगळा करावा आणि त्यावर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग ठेवावी. तो ग्रुप कुणी म्यूट करायचा नाही. रात्री दहा ते पहाटे चार कामाच्या ग्रुपवर फक्त अडचणीचा मेसेज. म्हणजे रात्री फोन वाजला तर उठायचं, हे सगळ्यांना ठाऊक राहील.

आणखी एक गोष्ट विसरू नका. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला आसऱ्याला आल्या होत्या. खोल समुद्रात मोबाईलची रेंज नसते. तिथे ग्रुप उपयोगाचा नाही. तिथे व्हीएचएफचं १६ नंबर चॅनल, आणि रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. म्हणून इशारा वाचायचा तो बोट सुटायच्या आधी, आणि तो वाचायला मिळावा म्हणून ग्रुप मोकळा हवा.

ग्रुपवर शिस्त म्हणजे कुणाचं तोंड बंद करणं नव्हे. समोरच्याची झोप, त्याचा वेळ आणि त्याचा माल यांची कदर आहे ती. जाळं ओढताना सगळ्यांचे हात एकाच वेळी लागतात, तसंच हे.

तुम्हाला काय वाटतं ते खाली लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा. पण एका मेसेजमध्ये!